चेहऱ्याचं पाणी

शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही सहा जणी माझ्या घरी जमतो आणि नाटक वाचतो. पुस्तक मांडीवर, भूमिका वाटून घेतलेल्या. आधी मूळ इंग्रजी संवाद, मग त्याचं जमेल तसं मराठी, तिथल्या तिथे. या यादीत बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई आहेत, कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी माझी मैत्रीण आहे, गणित शिकवणाऱ्या दोघी आहेत, आणि गेल्या वर्षापासून माझी भाची आहे. ती बावीस वर्षांची. मी तीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. पण शेक्सपिअर मला खरा उलगडला तो या शनिवारांमध्ये, कारण मराठीत आणायचं म्हटलं की एकही शब्द चकवा देऊन निसटू शकत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात आम्ही शेक्सपिअरचं ‘मच ॲडो अबाउट नथिंग’ घेतलं. भूमिका वाटताना बीॲट्रिस सगळ्यांनाच हवी होती. तिच्या तोंडी एकाहून एक धारदार वाक्यं आहेत, वाचणाऱ्याच्या जिभेला चव येते. हिरो कुणालाच नको होती. शेवटी भाची म्हणाली, “मी घेते मावशी. हिला बोलायला फार नाहीये.” तिची परीक्षा तोंडावर होती.

नाटक साधारण १५९८-९९ सालचं. १६०० मध्ये ते छापलं गेलं तेव्हा पहिल्या पानावर लिहिलं होतं की लॉर्ड चेंबरलेनच्या नाटक मंडळीने याचे जाहीर प्रयोग अनेकदा केले आहेत. गोष्ट सिसिलीतल्या मेसिना शहरातली. लढाई जिंकून डॉन पेद्रो हा राजपुत्र आपल्या सरदारांसह मेसिनाच्या सुभेदाराकडे, लिओनाटोकडे, मुक्कामाला येतो. त्यातला तरुण क्लॉडिओ लिओनाटोच्या एकुलत्या एक मुलीच्या, हिरोच्या प्रेमात पडतो. तिची बहीण बीॲट्रिस आणि दुसरा सरदार बेनेडिक यांचं मात्र विळ्याभोपळ्याचं नातं. दोघांनाही लग्न नको, आणि एकमेकांना टोचल्याशिवाय चैन पडत नाही. डॉन पेद्रोचा सावत्र भाऊ डॉन जॉन हिरोवर बालंट आणतो, भर लग्नात तिची अब्रू जाते, आणि पुढे सगळं निस्तरतं. हे नाटक सुखान्त म्हणून ओळखलं जातं. मी त्याला सुखान्त म्हणायला आजही कचरते, त्याकडे येईनच.

पहिलीच अडचण बीॲट्रिसच्या नात्याची आली. इंग्रजीत ती लिओनाटोची ‘नीस’ आहे, तेवढ्यावर इंग्रजीचं भागतं. मराठीत ती पुतणी की भाची हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाटकात कुठेच सांगितलेलं नाही. तिच्या आईचा उल्लेख एकदाच येतो. डॉन पेद्रो तिला म्हणतो, तू नक्कीच आनंदाच्या घटकेला जन्मलीस. ती म्हणते, छे, माझी आई रडत होती. पण तेव्हा एक तारा नाचला, आणि त्याच्याखाली मी जन्मले. बापाचा पत्ताच नाही. आम्ही ‘भाची’ ठरवलं. माझी भाची समोर बसली होती, हेही त्यामागचं एक कारण असेल. पण या ठरवण्यातून एक गोष्ट डोळ्यांसमोर आली: बीॲट्रिस बोलू शकते, कारण तिचा हात कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवणारा बाप तिला नाही. खुद्द राजपुत्र तिला मागणी घालतो आणि ती हसत नकार देते. मामा म्हणतो, जीभ अशी तिखट ठेवलीस तर नवरा मिळायचा नाही. ती म्हणते, मग देवाची कृपा. आपल्याकडे वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरची दुसरी एक तिखट जिभेची नायिका ‘त्राटिका’ या नावाने मराठी रंगभूमीवर आणली होती. तिथे नवरा तिला वठणीवर आणतो. बीॲट्रिसला कुणी वठणीवर आणत नाही, निदान शेवटच्या पानापर्यंत तरी.

हिरोला बाप आहे. आणि पहिल्या प्रवेशात, आख्ख्या लांबलचक प्रवेशात, तिला एक वाक्य आहे. एक. निरोप्याला बीॲट्रिसचं बोलणं कळत नाही तेव्हा ती सांगते, “माझी बहीण पाडुआच्या बेनेडिकबद्दल विचारतेय.” म्हणजे तेही दुसरीच्या बोलण्याचा अर्थ लावून देणारं. याच प्रवेशात क्लॉडिओ तिच्यावर जीव जडल्याचं डॉन पेद्रोला सांगतो आणि लगोलग विचारतो, लिओनाटोला मुलगा आहे का? उत्तर मिळतं, नाही, हिरो एकटीच वारस. हिरोचा आवाज तोवर त्याने जेमतेम ऐकलाय.

हिच्या आईबद्दलही सांगायला हवं. १६०० सालच्या त्या छापील प्रतीत पहिल्या प्रवेशाच्या सुरुवातीला रंगसूचना आहे: मेसिनाचा सुभेदार लिओनाटो, त्याची बायको इनोजेन, त्याची मुलगी हिरो आणि भाची बीॲट्रिस एका निरोप्यासह प्रवेश करतात. दुसऱ्या अंकाच्या आरंभी पुन्हा ‘त्याची बायको’ आत येते. आणि बस. ती एक अक्षर बोलत नाही, तिच्याशी कुणी बोलत नाही, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बहुधा शेक्सपिअरने लिहायला घेताना तिला योजलं आणि पुढे तिचं काही काम पडलं नाही. अठराव्या शतकात लुइस थिओबाल्ड या संपादकाने तिचं नाव गाळून टाकलं, आणि त्यानंतरच्या बहुतेक प्रतींत ती नाही. आमच्या प्रतीतही नव्हती, मागे टिपांमध्ये होती. मी सहज वाचून दाखवलं तेव्हा बँकेतल्या ताई म्हणाल्या, “म्हणजे मुलीच्या लग्नात आई नाहीच?” आम्ही पुढे वाचत राहिलो, पण त्यांचा प्रश्न खोलीत तसाच राहिला.

एक साधं कारण असंही असू शकतं की तेवढी मुलं नव्हती. एलिझाबेथच्या काळात इंग्लंडच्या जाहीर रंगभूमीवर बायका काम करत नसत. आवाज न फुटलेले मुलगे थोरल्या नटांकडे उमेदवारीला ठेवले जात आणि स्त्रीपार्ट करत. या नाटकात हिरो, बीॲट्रिस, मार्गारेट, अर्सुला अशी चार बायकांची कामं आहेत. म्हणजे चार मुलगे आधीच लागले. व्यावसायिक नटी तिथे उभी राहायला १६६० साल उजाडावं लागलं. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजीने बालगंधर्वांना पाहिलं होतं. ते कसं नेसत ते पाहून घरोघरच्या बायका नेसायला शिकल्या, हे ती अभिमानाने सांगायची. फरक एवढाच की नारायणराव राजहंसांनी प्रौढ वयापर्यंत स्त्रीपार्ट केले. लंडनचा तो मुलगा चार-सहा वर्षांत दाढीमिशा फुटून पुरुषांच्या कामांकडे वळायचा. चौथ्या अंकात बीॲट्रिस तळमळून म्हणते, “देवा, मी पुरुष असते तर!” तेव्हा हे वाक्य अशाच एका मुलाच्या तोंडून येत होतं. तो काही दिवसांत पुरुष होणारच होता. बीॲट्रिस होणार नव्हती. प्रेक्षकांना हे दोन्ही एकदम दिसत असणार.

हिरो मुकी आहे असं मीही तीस वर्षं वर्गात सांगत आले. भाचीने तिसऱ्या अंकात माझी चूक दाखवून दिली. तो प्रवेश बागेतला. हिरो, मार्गारेट, अर्सुला, आणि कुंजात लपलेली बीॲट्रिस. आसपास एकही पुरुष नाही. आणि हिरो बोलायला लागते ती थांबतच नाही. बीॲट्रिसला बेनेडिकच्या प्रेमात पाडायची युक्ती ती चालवते, दोघी दासींना कामं वाटून देते, कुणी केव्हा काय म्हणायचं ते सांगते. त्या कुंजावरच्या वेलीचं ती केवढं नेमकं वर्णन करते: उन्हावर वाढलेल्या वेली आता त्याच उन्हाला आत येऊ देत नाहीत, जसे राजाने मोठे केलेले मर्जीतले लोक राजावरच उलटतात. ही राजकारण समजणारी मुलगी आहे. भाचीने ते एका दमात वाचलं आणि मान वर करून म्हणाली, “मावशी, हिला सगळं येतं. ही फक्त त्यांच्यासमोर बोलत नाही.”

तिचं प्रेमसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. लग्न ठरतं तेव्हा क्लॉडिओ गप्प, हिरो गप्प. बीॲट्रिस तिला म्हणते, बोल गं, आणि बोलता येत नसेल तर मुका घेऊन त्याचं तोंड बंद कर, म्हणजे त्यालाही बोलायला नको. मग हिरो क्लॉडिओच्या कानात काहीतरी सांगते. काय, ते बीॲट्रिसच आपल्याला सांगते: तो तिच्या हृदयात आहे असं ती म्हणतेय. प्रेक्षकाला मिळतं ते एवढंच. तोंड बंद करण्याचा हा शब्दप्रयोग लक्षात ठेवायला हवा, शेवटी तो परत येतो.

आता डॉन जॉन येतो. लग्नाच्या आदल्या रात्री तो क्लॉडिओला सांगतो, हिरो बदफैली आहे, चल, तिच्या खिडकीपाशी दाखवतो. क्लॉडिओ म्हणतो: आज रात्री मला काही दिसलं, तर उद्या जिथे लग्न लागायचं तिथेच, भर मंडळींत, मी तिला उघडी पाडेन. अजून त्याने काहीही पाहिलेलं नाही. पण शिक्षा ठरली, जागा ठरली, प्रेक्षक ठरले. पुढे डॉन जॉनचा बोराचिओ नावाचा नोकर मार्गारेटला हिरोच्या खिडकीत उभी करून तिला ‘हिरो’ म्हणत निरोप घेतो, आणि लांबून अंधारात उभे असलेले क्लॉडिओ आणि डॉन पेद्रो ते पाहतात. शेक्सपिअरने हा प्रसंग रंगमंचावर दाखवलेलाच नाही. आपण तो फक्त बोराचिओच्या तोंडून ऐकतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. क्लॉडिओच्या डोळ्यांनी बघायची सवलत त्याने आपल्याला दिली नाही. त्याच्या फसण्याला आपला होकार मिळू नये अशी जणू त्याने तजवीज केली.

आणि खरी गोष्ट आधीच पकडली गेलेली असते. गस्तीच्या शिपायांनी बोराचिओला त्याच रात्री फुशारकी मारताना धरलेलं असतं. त्यांचा मुख्य डॉगबेरी हा अडाणी, शब्दांची मोडतोड करणारा माणूस. लग्नाच्या सकाळी तो लिओनाटोकडे सांगायला येतो, पण त्याला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. लिओनाटो म्हणतो, तुम्ही फार पाल्हाळ लावता, आणि निघून जातो. घाई आहे, लग्नघर आहे. पाच मिनिटं त्या माणसाचं ऐकून घेतलं असतं तर पोरीवरचा प्रसंग टळला असता. राजपुत्राचा शब्द लगेच पटतो. शिपायाचा शब्द ऐकायलाही कुणी थांबत नाही. इंग्रजी अभ्यासक सांगतात की त्या काळच्या उच्चारात ‘नथिंग’ आणि ‘नोटिंग’ जवळजवळ सारखेच ऐकू येत. म्हणजे नाटकाच्या नावातच दोन अर्थ आहेत: उगाचचा गदारोळ, आणि बघण्या-ऐकण्यावरून झालेला गदारोळ.

चर्चमधला प्रवेश वाचायला आम्हाला दोन शनिवार लागले. ‘ऑनर’ला मराठीत काय म्हणायचं यावर पहिला शनिवार गेला. पुरुषांच्या बाबतीत प्रश्न नव्हता. क्लॉडिओने लढाईत मिळवला तो मान, डॉन पेद्रोने त्याला दिला तो सन्मान. तो मिळतो, वाढतो, गेला तर परत कमावता येतो. हिरोच्या बाबतीत मान चालेना. इभ्रत, लौकिक, शील, प्रतिष्ठा असं करत करत आम्ही अब्रूवर आलो. अब्रू हा शब्द फारसीतून आला. ‘आब’ म्हणजे पाणी, ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्याचं पाणी, तेज. हे मी सांगितलं आणि वकील मैत्रिणीने बोट ठेवून ओळ दाखवली, कारण त्या प्रवेशाचा सगळा वाद हिरोच्या चेहऱ्यावरूनच चाललाय.

क्लॉडिओ म्हणतो: हे सडकं संत्रं तुमच्या मित्राला देऊ नका. बघा, कुमारिकेसारखी कशी लाजतेय! ही लाली गुन्ह्याची आहे, विनयाची नव्हे. तिथेच उभे असलेले धर्मगुरू, फादर फ्रान्सिस, तोच चेहरा पाहतात. आरोप करणारे निघून गेल्यावर ते सांगतात की मी एवढा वेळ गप्प होतो तो या मुलीकडे बघत होतो. हजार वेळा लाली चेहऱ्यावर धावून आली, आणि हजार वेळा निष्पाप लाजेच्या पांढुरकेपणाने तिला परतवून लावलं. ही मुलगी निर्दोष नसेल तर माझ्या वयाला, माझ्या विद्येला मूर्ख म्हणा. एकच चेहरा, एकच क्षण. एकाने त्या पाण्यात स्वतःचा संशय पाहिला. दुसऱ्याने पाणी जोखलं. क्लॉडिओचा माफीनामा मला कधीच पुरा पटला नाही त्याचं कारण इथे आहे. त्याला अंधारातल्या खिडकीने फसवलं हे मान्य. पण सकाळच्या उजेडात, हाताच्या अंतरावर उभी असलेली मुलगी त्याला दिसली नाही.

हिरोला विचारलं जातं, काल रात्री बारा ते एकच्या दरम्यान खिडकीत कुणाशी बोलत होतीस? ती म्हणते, “मी त्या वेळी कुठल्याही पुरुषाशी बोलले नाही.” डॉन पेद्रोचं उत्तर: मग तू कुमारी नाहीस. हा संवाद वाचून वकील मैत्रीण काही वेळ बोलली नाही. ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तर दोषी आणि ‘नाही’ म्हटलं तर खोटारडी आणि म्हणून दोषी, असे प्रश्न ती रोज ऐकते.

त्याहून जिव्हारी लागणारी जागा पुढे आहे. बीॲट्रिस एकटी ओरडून सांगते की माझ्या बहिणीवर बालंट घेतलंय. तेव्हा बेनेडिक विचारतो, काल रात्री तुम्ही तिच्याजवळ झोपला होतात का? बीॲट्रिस खरं सांगते: नाही, काल नव्हते, पण त्याआधीचं वर्षभर रोज तिच्या शेजारी झोपत होते. तेवढं ऐकून बाप म्हणतो, झालं, सिद्ध झालं! वर्षभराची साक्ष त्याच्या कानावरून गेली, एका रात्रीची गैरहजेरी तेवढी चिकटली. तिच्या खरेपणाचाच पुरावा करून तिच्या बहिणीवर वापरला.

आणि हिरो बेशुद्ध पडते कधी? मी वर्षानुवर्षं समजत होते की क्लॉडिओच्या आरोपाने. भाचीने तिच्या ओळींवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. क्लॉडिओला ती पुन्हा पुन्हा उत्तर देते. ती कोसळते ती बापाच्या वाक्यावर. लिओनाटो म्हणतो, “इथे कुणाच्या खंजिराला माझ्यासाठी टोक नाही का?” लगेच पुढची ओळ बीॲट्रिसची: अगं, काय झालं, अशी खाली का कोसळतेस? आणि बाप शुद्धीवर येणाऱ्या मुलीला म्हणतो: जगू नकोस हिरो, डोळे उघडू नकोस. माझ्या घरात एकच का लेकरू झालं म्हणून मी कुरकुरायचो, आता हे एक तरी कशाला झालं! त्या पूर्ण भाषणात ‘माझी’, ‘माझी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. माझी मुलगी, माझं प्रेम, माझा अभिमान. राजपुत्र खोटं बोलतील का, असं तो विचारतो. मुलगी खरं बोलत असेल का, हे त्याच्या मनातही येत नाही.

सगळे गेल्यावर रिकाम्या चर्चमध्ये बीॲट्रिस आणि बेनेडिक उरतात. इंग्रजी विनोदी नाटकात यापेक्षा मोठा प्रेमप्रवेश मला माहीत नाही. बेनेडिक आपल्या मित्रांबरोबर निघून गेला नाही. तो मागे राहिला, ही त्याची पहिली चांगली गोष्ट. तो विचारतो, एवढा वेळ रडत होतात? ती म्हणते, हो, आणि आणखी रडणार आहे.

इथे मराठी आमच्या कामी आली. शेक्सपिअरच्या इंग्रजीत ‘दाऊ’ आणि ‘यू’ अशी दोन सर्वनामं होती, आपल्या तू आणि तुम्हीसारखी. आजच्या इंग्रजी वाचकाला तो फरक कानाला लागत नाही. आपल्याला लागतो. बेनेडिक आधी ‘तुम्ही’ म्हणत प्रेमाची कबुली देतो. मग त्याची गाडी ‘तू’वर येते: माझ्या तलवारीची शपथ, तुझं माझ्यावर प्रेम आहे. बीॲट्रिस त्या प्रवेशभर ‘तुम्ही’ सोडत नाही. “माझं तुमच्यावर इतकं प्रेम आहे, की शपथ घ्यायलाही हृदय शिल्लक राहिलेलं नाही.” बागेत एकटी असताना तिने त्याला ‘तू’ म्हटलेलं असतं, तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. आता तो म्हणतो, सांग, तुझ्यासाठी काय करू?

“क्लॉडिओला ठार मारा.”

गणिताच्या बाईंनी हे वाचलं, आणि ‘मार’ म्हणावं की ‘मारा’ यावर आम्ही वाद घातला. मी ‘मारा’वर ठाम होते. ‘मार’मध्ये राग आहे. ‘मारा’मध्ये अंतर आहे, परीक्षा आहे. ती त्याच्या मिठीत शिरून मागत नाहीये. बेनेडिक झटक्यात म्हणतो, छे, जग दिलं तरी नाही. ती म्हणते, तुमचा हा नकार म्हणजे मलाच मारणं, येते मी. आणि मग तिचा तो उद्रेक: मी पुरुष असते तर भर बाजारात त्याचं काळीज खाल्लं असतं! इच्छा करून मला पुरुष होता येत नाही, म्हणून बाई म्हणून कुढत मरेन.

शेवटी बेनेडिक एक प्रश्न विचारतो. पुरावा मागत नाही, साक्षीदार मागत नाही. क्लॉडिओने हिरोवर अन्याय केला असं तुम्हाला मनापासून वाटतं? ती म्हणते, मला मन आहे, आत्मा आहे, हे जितकं खरं तितकंच हेही. तो म्हणतो: पुरे. मी त्याला आव्हान देतो.

मला या नाटकातलं प्रेम इथे सापडतं, त्या ‘पुरे’ मध्ये. क्लॉडिओपाशी सुंदर कविता आहे, दागिन्याची उपमा आहे, उसासे आहेत, आणि हिरोच्या शब्दाला त्याच्याकडे काडीची किंमत नाही. बेनेडिकपाशी चार धड ओळी रचायची कला नाही, त्याला यमकं जुळत नाहीत, पण बाईने सांगितलं आणि त्याने ते खरं मानलं. ज्या पुरुषांमध्ये तो वाढला, ज्यांच्याबरोबर लढला, त्यांच्या शब्दाविरुद्ध मानलं. हिरोवरच्या बालंटाची गोष्ट शेक्सपिअरची स्वतःची नव्हे. बांदेल्लोच्या इटालियन कथांमध्ये ती होती, आरिओस्तोच्या महाकाव्यातही तिचंच एक रूप आहे. बीॲट्रिस आणि बेनेडिकची ही गोष्ट मात्र त्यात त्याने घातली. लोकांनीही नेमकं तेच उचललं. राजा पहिला चार्ल्स याच्या जवळच्या शेक्सपिअरच्या प्रतीत या नाटकाच्या नावाशेजारी त्याने स्वतःच्या हाताने बेनेडिक आणि बीॲट्रिसची नावं लिहून ठेवलेली आहेत.

वकील मैत्रिणीला एकच खटकत होतं. एवढं होऊनही हिरोला दाद मागायला जागा नव्हती का? खऱ्या लंडनमध्ये होती. बदनामीचे, विशेषतः चारित्र्यावरच्या शिव्यांचे दावे धर्मन्यायालयात चालत, आणि त्याच काळात फिर्यादी म्हणून बायका मोठ्या संख्येने तिथे जाऊ लागल्या होत्या. बाजारात, दारात, विहिरीवर कुणी वाईट शब्द वापरला तर कारागिरांच्या, दुकानदारांच्या बायका साक्षीदार घेऊन उभ्या राहत. दोषी ठरलेल्याला आपल्या चर्चमध्ये चूक कबूल करून माफी मागावी लागे. फादर फ्रान्सिसच्या सल्ल्याने हिरो मेली अशी हूल उठवलेली असते. पाचव्या अंकात खरं उघड झाल्यावर लिओनाटो क्लॉडिओला हेच सांगतो: माझी मुलगी निर्दोष मेली हे मेसिनाच्या लोकांना कळव, तिच्या कबरीवर कवन लिहून गा. म्हणजे नाटक बघायला उभ्या असलेल्या बायकांना हा न्याय ओळखीचा होता. फक्त त्या स्वतः जाऊन तो मागत होत्या. हिरोला त्यासाठी मरावं लागलं, निदान मेल्याचं सोंग आणावं लागलं.

शेवटच्या प्रवेशात क्लॉडिओ लिओनाटोच्या सांगण्यावरून बुरखा घातलेल्या अनोळखी मुलीशी लग्न करायला तयार होतो. यातली माझी कुठली, एवढंच विचारतो. बुरखा निघतो. हिरो म्हणते, एक हिरो कलंकित होऊन मेली, मी मात्र जिवंत आहे. भाचीने ही ओळ फार शांतपणे वाचली. तिने क्लॉडिओला माफ केलं का? नाटकात तसं एकही वाक्य नाही. मुलीच्या तोंडी तशी ओळ लिहिली नाही, याबद्दल मला शेक्सपिअरविषयी कृतज्ञता वाटते.

आणि मग ते तोंड बंद करणं. बेनेडिक-बीॲट्रिसच्या चोरून लिहिलेल्या प्रेमकविता सापडतात, ती अजूनही वाद घालत असते, आणि हल्लीच्या बहुतेक छापील प्रतींमध्ये बेनेडिक म्हणतो: शांत हो, मी तुझं तोंड बंद करतो. आणि मुका घेतो. त्यानंतर नाटक संपेपर्यंत बीॲट्रिस एक शब्द बोलत नाही. पण १६०० च्या प्रतीत हे वाक्य बेनेडिकचं नाहीच. ते लिओनाटोच्या नावावर आहे. बेनेडिकला ते दिलं थिओबाल्डने, ज्याने इनोजेनचं नाव काढलं त्यानेच. ते मामाचं असेल तर अर्थ वेगळा होतो. बाप नसलेल्या मुलीचा हात घरातल्या कर्त्या पुरुषाने अखेर कुणाच्या तरी हातात ठेवला. आम्ही दोन्ही प्रकारे वाचून पाहिलं. गणिताच्या बाई बीॲट्रिस होत्या. दोन्ही वेळा त्यांनी पुस्तकातली पुढची पानं उलटून आपली ओळ शोधली, आणि दोन्ही वेळा ती नव्हती.

नाटक संपलं होतं, पण बँकेतल्या ताईंनी पुढच्या शनिवारी चर्चचा प्रवेश पुन्हा वाचू या म्हटलं. “मला एक काम द्या,” त्या म्हणाल्या. “त्या आईचं.” मी म्हटलं, ताई, तिला ओळी नाहीत, आणि या प्रवेशात तर ती येतही नाही. “चालेल. मुलीचं लग्न आहे ना, मी बसते.” त्या स्टूल घेऊन भाचीशेजारी बसल्या, हातात पुस्तक न घेता. वकील मैत्रीण लिओनाटो वाचत होती. सडकं संत्रं झालं, बारा ते एकची चौकशी झाली, खंजिराचं वाक्य आलं. भाचीने डोळे मिटून मान सोफ्याच्या पाठीला टेकली. ‘जगू नकोस हिरो, डोळे उघडू नकोस’ सुरू झालं तशा ताई उठल्या आणि दोघींच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. भाचीच्या डोक्यावर हात ठेवून, तोंड लिओनाटोकडे. मैत्रिणीला आता मुलगी दिसेना. भाषणाच्या अजून वीसेक ओळी उरल्या होत्या. त्या तिने ताईंकडे बघत वाचायला घेतल्या, दोनदा अडखळली, आणि मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.